सौर ज्वालांचा अंदाज टक्क्यांतच छापावा

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

सूर्यावर डागांचा मोठा समूह पृथ्वीच्या समोर आला की वृत्तपत्रांमध्ये ठरावीक धाटणीची बातमी येते, असा गेल्या काही वर्षांचा अनुभव आहे. ‘सूर्यावर महास्फोटाची शक्यता’, ‘पृथ्वीवर सौर वादळ धडकणार’, ‘इंटरनेट कोलमडणार’ अशी शीर्षके असतात, खाली ‘शास्त्रज्ञांच्या मते’ एवढाच आधार असतो आणि तीन-चार दिवसांनी प्रत्यक्षात काय घडले हे सांगणारी एक ओळही छापून येत नाही. अशीच एक बातमी वाचून माझ्या एका वयस्कर नातेवाइकांनी रात्री दहा वाजता फोन केला आणि उद्या मोबाइल बंद करून ठेवावा का, असे काळजीने विचारले. त्याची गरज नाही, हे मी त्यांना लगेच सांगितले. पण सुशिक्षित, रोज वर्तमानपत्र वाचणाऱ्या माणसावर असा प्रश्न विचारण्याची वेळ यावी, याचे मला वाईट वाटले आणि म्हणून हे पत्र लिहीत आहे.

माझी विनंती छोटी आहे. सौर ज्वालेचा, म्हणजे सूर्यावर डागांजवळ अचानक होणाऱ्या ऊर्जेच्या स्फोटाचा, अंदाज जगभरातील अंतराळ हवामान केंद्रे टक्केवारीत देतात. ती टक्केवारी, ती कोणत्या डागसमूहासाठी आहे, किती तासांसाठी आहे आणि कोणत्या संस्थेने दिली आहे, एवढा तपशील आपण बातमीत छापावा; आणि मुदत संपल्यावर काय झाले, तेही त्याच ठिकाणी छापावे. ही मागणी वाचकाला रुक्ष वाटेल, म्हणून तिच्यामागची कारणे सविस्तर मांडतो.

मी हौशी सूर्यनिरीक्षक आहे. आकाश निरभ्र असेल त्या सकाळी लहान दुर्बिणीतून सूर्याची प्रतिमा पांढऱ्या कागदावर पाडतो आणि डाग पेन्सिलीने उतरवून घेतो. (दुर्बिणीतून, किंवा नुसत्या डोळ्यांनीही, सूर्याकडे थेट पाहू नये; दृष्टी कायमची जाऊ शकते.) कागदावर आधी पंधरा सेंटिमीटर व्यासाचे वर्तुळ आखलेले असते आणि सूर्यबिंब त्यात नेमके बसवायचे असते. दुर्बीण स्थिर ठेवली की पृथ्वीच्या फिरण्यामुळे प्रतिमा कागदावरून हळूहळू सरकते. एखादा डाग ज्या रेषेने सरकतो ती पूर्व-पश्चिम दिशा, म्हणून आधी ती रेषा आखून घ्यायची. बारीक ठिपके टिपताना कागद किंचित हलवून पाहावा लागतो. ठिपका कागदाबरोबर हलला तर तो कागदातला दोष असतो, आणि जागच्या जागी राहिला तर तो सूर्यावरचा डाग असतो. मोठ्या डागाचा मधला काळा भाग म्हणजे प्रच्छाया आणि तिच्याभोवतीची करडी झालर म्हणजे उपच्छाया. हवा शांत असेल तर त्या झालरीतील तंतूही क्षणभर दिसून जातात. पंधरा सेंटिमीटरच्या या वर्तुळात आपली पृथ्वी जेमतेम दीड मिलिमीटरची भरेल. एखादा डाग तिच्याहून मोठा उतरला की पेन्सिल आपोआप थांबते.

डाग काळा दिसतो तो भोवतालच्या तुलनेत. सूर्याच्या दृश्य पृष्ठभागाचे तापमान सुमारे ५,५०० अंश सेल्सिअस असते आणि प्रच्छायेचे त्याहून हजार-दोन हजार अंशांनी कमी असते. अतिशय तीव्र चुंबकीय क्षेत्रामुळे आतून वर येणाऱ्या उष्ण वायूचे अभिसरण तेथे अडते आणि तो भाग थंड राहतो. डागांमध्ये असे चुंबकीय क्षेत्र आहे हे जॉर्ज एलरी हेल यांनी १९०८ मध्ये माउंट विल्सन वेधशाळेत वर्णपटातील रेषांच्या विभाजनावरून दाखवून दिले. पुढच्याच वर्षी कोडाईकॅनाल वेधशाळेत जॉन एव्हरशेड यांनी उपच्छायेत वायू बाहेरच्या दिशेने वाहत असल्याचे शोधून काढले. ज्वालेचा अंदाज बांधण्याचे सारे शास्त्र या चुंबकीय क्षेत्राच्या निरीक्षणावर उभे आहे. डागाच्या वरच्या भागात चुंबकीय बलरेषा पिळल्या जातात, ताणल्या जातात, त्यांत ऊर्जा साठत जाते आणि त्या अचानक तुटून नव्याने जोडल्या गेल्या की ती ऊर्जा काही मिनिटांत बाहेर पडते. हीच सौर ज्वाला. ऊर्जा साठते आहे हे आपल्याला दिसते. ती सुटण्याचा क्षण मात्र आज कोणालाही आधी सांगता येत नाही. अंदाज टक्क्यांत देण्याचे मूळ कारण हेच आहे.

डागसमूहांवर नजर ठेवण्याची पद्धत एखाद्या रुग्णालयातील रोजच्या तपासणीइतकी शिस्तीची आहे. सूर्याच्या पूर्व कडेवर नवा समूह उगवला किंवा बिंबावर कोठेही नव्याने निर्माण झाला की त्याला क्रमांक दिला जातो. अमेरिकेच्या नोआ या सागर व वातावरणविषयक सरकारी संस्थेची ही क्रमवारी जानेवारी १९७२ पासून अखंड चालू आहे. सूर्य स्वतःभोवती फिरत असल्यामुळे समूह साधारण तेरा-चौदा दिवसांत बिंब ओलांडून पश्चिम कडेआड जातो. तो टिकून राहिला आणि पुन्हा पूर्वेला उगवला, तर त्याला नवा क्रमांक मिळतो. मे २०२४ मध्ये गाजलेला १३६६४ हा समूह परत आला तेव्हा १३६९७ झाला. ही साधी गोष्ट ठाऊक नसल्यामुळे एकच समूह दोन वेगळे समूह म्हणून बातम्यांत येतो.

क्रमांक दिल्यावर समूहाचे वर्गीकरण होते. मॅकिंटॉश यांच्या पद्धतीत तीन अक्षरे वापरतात : पहिले समूहाचा विस्तार आणि रचना सांगते, दुसरे सर्वांत मोठ्या डागाच्या उपच्छायेचे स्वरूप सांगते आणि तिसरे मधल्या भागात डाग किती दाट आहेत ते सांगते. माउंट विल्सन पद्धतीत चुंबकीय ध्रुवता (उत्तर की दक्षिण) पाहतात. एकाच ध्रुवतेचा समूह अल्फा, दोन ध्रुवता सरळ विभागलेल्या असतील तर बीटा, त्यांची सरमिसळ झाली असेल तर गॅमा. या यादीत डेल्टा हा प्रकार पुढे १९६० मध्ये समाविष्ट झाला, आणि सूर्यनिरीक्षकांचे कान टवकारतात ते या शब्दाला. विरुद्ध ध्रुवतेच्या दोन प्रच्छाया एकाच उपच्छायेत एकमेकींना खेटून असल्या की समूह डेल्टा ठरतो. मोठ्या ज्वालांपैकी बहुतेक अशाच समूहांतून निघतात.

आता टक्केवारी येते कोठून, ते पाहू. एखाद्या विशिष्ट वर्गातील समूहांनी गेल्या अनेक दशकांत दिवसाला सरासरी किती ज्वाला दिल्या याच्या नोंदी उपलब्ध आहेत. त्यावरून पुढच्या चोवीस तासांत किमान एक ज्वाला होण्याची संभाव्यता गणिताने काढता येते. मग केंद्रातील कामावर असलेला अंदाजकार त्या समूहाची कालची आणि आजची चित्रे शेजारी ठेवून पाहतो. समूह वाढतो आहे की विरतो आहे, विरुद्ध ध्रुवतेचे भाग एकमेकांवर दाबले जात आहेत का, कालपासून लहान ज्वाला किती झाल्या, हे सारे पाहून तो आकडा थोडा वर किंवा खाली नेतो. अलीकडे चुंबकीय नकाशांवर शिकवलेली संगणकीय प्रारूपेही मदतीला आली आहेत. एवढे करून जे हाती येते ते असे असते : अमुक समूहातून पुढील चोवीस तासांत एम वर्गाची ज्वाला होण्याची शक्यता साठ टक्के, एक्स वर्गाची पंधरा टक्के. (हे आकडे मी उदाहरणादाखल घेतले आहेत. एक्स हा सर्वांत तीव्र ज्वालांचा वर्ग, एम त्याच्या खालचा.) या वाक्याची बातमी होते तेव्हा तिचे ‘एक्स वर्गाच्या महाज्वालेचा इशारा’ असे रूपांतर होते. पंधरा टक्क्यांच्या अंदाजात ज्वाला न होण्याची शक्यता पंच्याऐंशी टक्के होती, हे वाचकाला कळतच नाही.

येथे एका फसव्या शब्दाकडे लक्ष वेधतो, तो म्हणजे ‘अचूकता’. ज्वालेचा अंदाज देणाऱ्या एखाद्या नव्या संगणकीय पद्धतीची अचूकता पंच्याण्णव टक्के असल्याची बातमी मधूनमधून येते आणि ती वाचून सूर्याचे कोडे सुटले असे वाटते. नोआच्या मापनश्रेणीनुसार अकरा वर्षांच्या एका सौरचक्रात एक्स वर्गाच्या ज्वालांचे दिवस सुमारे १४० असतात. अकरा वर्षांत दिवस असतात चार हजारांच्या आसपास. म्हणजे एखाद्याने सूर्याकडे ढुंकूनही न पाहता रोज ‘उद्या एक्स ज्वाला होणार नाही’ असे लिहून ठेवले, तरी तो शंभरातून शहाण्णव वेळा बरोबर ठरेल. हा पेच जुनाच आहे. १८८४ मध्ये अमेरिकी लष्करातील जॉन फिनली यांनी चक्रीवातांचे (टॉर्नेडोंचे) २,८०३ अंदाज दिले आणि त्यांची अचूकता ९६.६ टक्के भरली. त्याच वर्षी दाखवून देण्यात आले की प्रत्येक वेळी ‘चक्रीवात येणार नाही’ म्हटले असते, तर अचूकता ९८.२ टक्के झाली असती. फिनली यांनी शंभर वेळा ‘येणार’ म्हटले, त्यांपैकी अठ्ठावीस वेळा तो आला. आणि आलेल्या एक्कावन्नपैकी तेवीस त्यांच्या हातून निसटले. दुर्मीळ घटनेचा अंदाज तपासायचा तर असाच तपासावा लागतो. होणार म्हटले त्यांतले किती झाले आणि झाले त्यांतले किती निसटले, हे दोन्ही आकडे दिले नसतील, तर नुसत्या अचूकतेच्या टक्केवारीला अर्थ नाही. आपल्या विज्ञानविषयक स्तंभात अशी बातमी येईल तेव्हा संबंधितांना हे दोन आकडे विचारावेत, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

अंदाज चुकतात ते कसे, हेही वाचकांपर्यंत पोहोचले पाहिजे, कारण चुकण्यातूनच विषयाची खरी ओळख होते. ऑक्टोबर २०१४ मध्ये १२१९२ हा समूह समोर आला. जवळजवळ गुरू ग्रहाएवढा विस्तार, चोवीस वर्षांतला सर्वांत मोठा समूह. त्याने एक्स वर्गाच्या सहा ज्वाला दिल्या आणि ज्वालांच्या बाबतीत तो अपेक्षेला उतरला. तरीही या सहांपैकी एकीबरोबरही द्रव्याचा मोठा लोट अवकाशात फेकला गेला नाही, कारण वरचे चुंबकीय क्षेत्र इतके बळकट होते की स्फोट आतच कोंडला गेला. याउलट सप्टेंबर २०१७ चा १२६७३ हा समूह. ३ सप्टेंबरपर्यंत तो एक साधा, गोल, निरुपद्रवी वाटणारा डाग होता. पुढच्या दोन दिवसांत त्याच्या शेजारी खालून नवे चुंबकीय क्षेत्र विलक्षण वेगाने वर आले, समूह डेल्टा झाला आणि ६ तारखेला त्याने एक्स ९.३ ज्वाला दिली, जी त्या सौरचक्रातील सर्वांत मोठी ठरली. त्याच वेळी कॅरिबियन समुद्रात इर्मा चक्रीवादळ होते, आणि मदतकार्यासाठी वापरल्या जाणाऱ्या शॉर्टवेव्ह रेडिओचा संपर्क ऐन गरजेच्या वेळी तुटला. आकार पाहून निर्धास्त राहू नये आणि आकार पाहून घाबरूही नये, हे या दोन समूहांनी शिकवले.

बातम्यांमध्ये सर्रास एकत्र केल्या जाणाऱ्या तीन गोष्टी वेगळ्या करणे मला फार गरजेचे वाटते. पहिली, ज्वाला. ती प्रकाशाच्या वेगाने येते. सूर्यापासून पृथ्वीपर्यंत प्रकाशाला आठ मिनिटे आणि वीस सेकंद लागतात. म्हणजे ज्वाला दिसली त्याच क्षणी तिचे क्ष-किरण पृथ्वीवर पोहोचलेले असतात. ते आयनांबराच्या, म्हणजे वातावरणातील वरच्या विद्युतभारित पट्ट्याच्या, खालच्या थरातील आयनीभवन एकदम वाढवतात आणि दिवस असलेल्या बाजूचा शॉर्टवेव्ह रेडिओ काही मिनिटे ते काही तास गप्प होतो. दुसरी, कोरोनल मास इजेक्शन, म्हणजे सूर्याच्या प्रभामंडलातून अब्जावधी टन आयनीभूत द्रव्य चुंबकीय क्षेत्रासह बाहेर फेकले जाणे. हा लोट पृथ्वीपर्यंत यायला वेगवान असेल तर पंधरा-वीस तास, एरवी दोन-तीन दिवस घेतो, आणि कित्येकदा पृथ्वीच्या दिशेने निघालेलाच नसतो. तिसरी, भूचुंबकीय वादळ, म्हणजे त्या लोटाच्या धडकेने पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात उडणारी खळबळ. लोटातील चुंबकीय क्षेत्राची दिशा दक्षिणेकडे असेल तर वादळ तीव्र होते, उत्तरेकडे असेल तर बराचसा जोर ओसरतो. आणि ती दिशा नक्की कळते ती लोट पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने पंधरा लाख किलोमीटर अंतरावरील पहिल्या लाग्रांज बिंदूपाशी असलेल्या यानांवरून गेल्यावर. भारताचे आदित्य एल-१ हे यानही ६ जानेवारी २०२४ पासून त्याच बिंदूभोवतीच्या कक्षेत आहे. तेथून पृथ्वीपर्यंत लोट यायला पंधरा मिनिटे ते तासभर लागतो. त्यामुळे ‘सूर्यावर ज्वाला झाली, उद्या पृथ्वीवर वादळ’ हे वाक्य लिहिताना मधल्या दोन पायऱ्या गाळल्या जातात, आणि त्या प्रत्येक पायरीवर अंदाज चुकू शकतो.

ज्वालांच्या वर्गांविषयी थोडक्यात. ए, बी, सी, एम, एक्स हे वर्ग भूस्थिर उपग्रहांनी मोजलेल्या क्ष-किरणांच्या कमाल तीव्रतेवरून ठरतात आणि प्रत्येक वर्ग आधीच्याच्या दहापट असतो. एम ९ आणि एक्स १ यांत फरक अगदी किरकोळ असतो; एक्स १ आणि एक्स ९ यांत मात्र नऊपटीचा. एक्स वर्गाला वरची मर्यादा नाही. ४ नोव्हेंबर २००३ च्या ज्वालेने उपग्रहाचा संवेदकच मापनाच्या टोकाला अडकला आणि तिची तीव्रता नंतर एक्स २८ अशी अंदाजाने ठरवावी लागली. म्हणून ‘सर्वोच्च वर्गातील ज्वाला’ असे लिहिण्यापेक्षा अक्षरापुढचा आकडा छापणे अधिक प्रामाणिक ठरेल.

या पत्रामुळे मी धोका कमी लेखतो आहे असा समज होऊ नये. १ सप्टेंबर १८५९ रोजी रिचर्ड कॅरिंग्टन आपल्या दुर्बिणीतून कागदावर डाग उतरवत असताना त्या डागांवर दोन तेजस्वी ठिपके चमकून गेलेले त्यांनी पाहिले. सौर ज्वालेची ही पहिली नोंद. सुमारे साडेसतरा तासांनी पृथ्वीवर जे चुंबकीय वादळ आले, त्याची तीव्रता आपल्याला आज ठाऊक आहे ती कुलाबा वेधशाळेतील चुंबकमापीच्या वाचनांमुळे. तारायंत्रांतून ठिणग्या उडाल्या. १३ मार्च १९८९ च्या वादळात कॅनडातील क्यूबेक प्रांताची वीजयंत्रणा दीड मिनिटात कोसळली आणि साठ लाख लोक नऊ तास अंधारात राहिले. १० मे २०२४ रोजी वर उल्लेखिलेल्या १३६६४ समूहाने एकामागोमाग सोडलेले लोट येऊन आदळले आणि २००३ नंतर प्रथमच पाचव्या, म्हणजे सर्वोच्च श्रेणीचे भूचुंबकीय वादळ झाले. अमेरिकेत पेरणीच्या ऐन हंगामात उपग्रहाच्या मार्गदर्शनावर चालणारे ट्रॅक्टर थांबवावे लागले. त्या वेळी आदल्या दिवशीच चौथ्या श्रेणीची पूर्वसूचना देण्यात आली होती, तीही २००५ नंतर प्रथमच. वीज कंपन्या आणि उपग्रह चालवणाऱ्या संस्था अशा सूचनेवर खरोखर पावले उचलतात. सूचना मोलाची आहे, म्हणूनच ती बातमीत जशीच्या तशी उतरावी असे मला वाटते.

डागांवर रोज नजर ठेवण्याचे मोल दाखवणारी १९६७ सालची एक घटना मला विसरता येत नाही. १८ मे रोजी सूर्यावर तीव्र चुंबकीय क्षेत्राचा मोठा समूह दिसू लागला आणि अमेरिकी हवाई दलाच्या हवामान विभागातील सूर्यनिरीक्षक त्याच्या मागावर राहिले. २३ मे रोजी उत्तर गोलार्धातील क्षेपणास्त्र हल्ल्याची पूर्वसूचना देणारी तीनही रडार केंद्रे एकाच वेळी निकामी झाल्यासारखी झाली. शीतयुद्धाचा काळ, कोणीतरी रडार मुद्दाम जाम केले असा अर्थ लावला गेला आणि विमाने सज्ज होऊ लागली. तेव्हा सूर्यावर नजर ठेवणाऱ्या या लोकांनी वरिष्ठांना कळवले की त्याच समूहातून प्रचंड ज्वाला झाली आहे आणि तिच्याबरोबर निघालेल्या रेडिओलहरींनी रडार व्यापले आहेत. ती माहिती वेळेत पोहोचली आणि पुढचे पाऊल थांबले. हा सारा तपशील २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. पाच दिवस आधीपासून तो समूह कोणाच्या वहीत नोंदलेला नसता, तर त्या घटकेला सूर्याचे नाव इतक्या खात्रीने कोणी घेतले असते का, हा विचार माझ्या मनात वारंवार येतो.

हे काम आजही अनेक ठिकाणी चालते. सूर्याचे चुंबकीय नकाशे अखंड मिळावेत म्हणून गाँग या जाळ्याची सहा केंद्रे पृथ्वीभोवती पसरलेली आहेत आणि त्यांतले एक उदयपूरला आहे; एका ठिकाणी सूर्य मावळला की दुसऱ्या ठिकाणी तो वर असतो. २०१० पासून सोलर डायनॅमिक्स ऑब्झर्व्हेटरी हे यान अवकाशातून अखंड चित्रे पाठवते. सूर्याच्या पाठीमागच्या बाजूला मोठा समूह वाढत असेल तर सूर्यातून जाणाऱ्या ध्वनितरंगांच्या अभ्यासावरून त्याचा माग काढता येतो, ही मला या क्षेत्रातील सर्वांत देखणी युक्ती वाटते. आणि तरीही ब्रुसेल्स येथील केंद्र जी दैनिक डागसंख्या प्रसिद्ध करते, ती आजही दुर्बिणीशी बसून हाताने डाग मोजणाऱ्या जगभरच्या निरीक्षकांच्या नोंदींवर उभी आहे, आणि त्यांत हौशी मंडळीही मोठ्या प्रमाणावर आहेत. मोजण्याची रीत रुडॉल्फ वोल्फ यांची, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यातली : समूहांची संख्या गुणिले दहा, अधिक सर्व डागांची संख्या. त्यामुळे बिंबावर एकुलता एक डाग असेल तर निरीक्षकाच्या वहीत अकरा हा आकडा पडतो. डागांचे चक्र आहे हे ज्यांच्या लक्षात आले ते हाइनरिख श्वाबे हे जर्मनीतील औषधविक्रेते होते; १८२६ पासून सतरा वर्षे रोज डाग मोजल्यावर १८४३ मध्ये त्यांनी ते जाहीर केले.

दीर्घ मुदतीचे अंदाजही चुकतात, आणि ते मान्य करण्यात या क्षेत्रातील लोकांना संकोच वाटत नाही. सध्याचे पंचविसावे चक्र डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झाले. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या समितीने त्याचे शिखर जुलै २०२५ च्या सुमारास आणि डागसंख्या ११५ असेल असे म्हटले होते. प्रत्यक्षात समतल केलेली (अनेक महिन्यांची सरासरी काढलेली) संख्या ऑक्टोबर २०२४ मध्येच १६० च्या आसपास गेली. ही चूक कोणी झाकून ठेवलेली नाही. अंदाजाचा आलेख आणि प्रत्यक्षाचा आलेख एकाच चित्रात सर्वांसाठी ठेवलेले आहेत. वृत्तपत्रांकडूनही मला एवढीच अपेक्षा आहे.

शिखर उलटून गेले म्हणून हा विषय मागे पडेल असेही समजू नये. २००३ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमधील ज्वाला आणि २०१७ चा सप्टेंबर, हे दोन्ही प्रसंग आपापल्या चक्राच्या उतरणीवरचे आहेत. तेव्हा पुढच्या काही वर्षांत अशा बातम्या आपल्याकडे येणारच.

हवामानाच्या चौकटीत तापमान आणि पाऊस जेथे छापता, तेथे आणखी एका ओळीची जागा द्यावी, ही माझी प्रत्यक्ष सूचना आहे. त्या ओळीत काल मोजलेली डागसंख्या असावी, समोरच्या बाजूवर किती क्रमांकित समूह आहेत ते असावे, पुढील चोवीस तासांत एम आणि एक्स वर्गाच्या ज्वालेची शक्यता टक्क्यांत असावी आणि त्याखाली कालच्या अंदाजाचे काय झाले ते दोन-चार शब्दांत असावे. ही माहिती संबंधित केंद्रे रोज विनामूल्य प्रसिद्ध करतात. बहुतेक दिवशी त्या ओळीत ‘एक्स : १ टक्का, काल : झाली नाही’ असेच छापावे लागेल, आणि कित्येक आठवडे तीच ओळ पुन्हा पुन्हा येईल. ती येऊ द्यावी. ज्या दिवशी त्याच जागी ‘४० टक्के’ दिसेल, त्या दिवशी माझे नातेवाईक फोन करतील तो समूहाचा क्रमांक विचारायला, अशी मला आशा आहे.

आपल्या प्रतिनिधींना या ओळीसाठी डागांची रोजची गणना किंवा संज्ञांचे स्पष्टीकरण हवे असल्यास मी ते आनंदाने, कोणत्याही मोबदल्याविना देईन. ढगाळ दिवसांची नोंद मात्र रिकामीच पाठवीन.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एक वाचक आणि हौशी सूर्यनिरीक्षक